जुन्या होडीचे मोल

पूल होण्याआधी सिद्धटेकच्या गणपतीला जे गेले असतील त्यांना ती होडी नक्की आठवत असेल. दौंडकडून शिरापूरला यायचे, काठ उतरायचा आणि भीमेच्या पात्रात डुलत उभ्या असलेल्या लाकडी होडीत पाय सांभाळत बसायचे. बाया पदर आवळून घेत, मुले पाण्यात हात घालण्यासाठी धडपडत, आणि एखादे अनुभवी काका 'काही होत नाही, बसा निवांत' असे सगळ्यांना सांगत स्वतः मात्र होडीची कड घट्ट धरून बसत. होडीच्या तळाशी दोन बोटे पाणी कायम असायचे. होडीवाला ते डालड्याच्या रिकाम्या डब्याने मधूनमधून उपसून टाकी. अष्टविनायकांतला नगर जिल्ह्यातला हा एकच गणपती, आणि आमच्यापैकी अनेकांनी आयुष्यात पहिल्यांदा होडीत पाय ठेवला तो त्याच्याच कृपेने.

पूल झाला, सोय झाली. त्या होडीचे पुढे काय झाले हे विचारायचे मात्र मला कधी सुचले नाही. ज्याने तीस-बत्तीस वर्षे बँकेत लोकांच्या मालमत्तेची किंमत ठरवण्यात घालवली, त्याला तरी सुचायला हवे होते.

नगर जिल्हा म्हटले की लोकांना दुष्काळ आठवतो, साखर कारखाने आठवतात, शिर्डी आठवते. (जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले, माझ्या तोंडात जुने बसले आहे, वाचकांनी सांभाळून घ्यावे.) समुद्राशी आमचा संबंध नाही. पण पाण्याशी आहे. अकोल्यात भंडारदऱ्याचे धरण १९२६ पासून उभे आहे, राहुरीजवळ मुळेचा ज्ञानेश्वरसागर आहे, आणि पूर्वेला शेवगाव-नेवाशाच्या अंगणात नाथसागर पसरला आहे. जायकवाडीची भिंत पैठणला असली तरी १९७६ मध्ये धरणाचे उद्घाटन झाले तेव्हापासून तिच्यामागचे पाणी आमच्याच शिवारात फुगत आले. गावे उठली, मळे बुडाले. आणि ज्यांच्या आजोबांनी गोदावरीच्या घाटांवर तरी चालवल्या होत्या ते भोई आणि कोळी या नव्या पाण्यावर मासेमार झाले.

अशाच एका शेवगावच्या गावात गेल्या उन्हाळ्यात माझा एक शिक्षक मित्र मला घेऊन गेला. निवृत्त शिक्षक आणि निवृत्त बँकवाला यांना उन्हाळ्यात दुसरे काम नसते. पाणी मागे हटले होते आणि उघड्या पडलेल्या काळ्या गाळपेऱ्याच्या जमिनीत भेगा पडल्या होत्या. पाण्यापासून चांगले अर्ध्या मैलावर एका बाभळीखाली एक लाकडी होडी पालथी घातलेली होती. अठरा फूट असेल. तिच्या सावलीत दोन शेळ्या बसलेल्या. फळ्यांमधल्या फटींतून बोट आरपार जाईल अशी स्थिती. ही गावातल्या मच्छीमार सोसायटीची होडी. सोसायटीच्या नोंदवहीत तिची किंमत शून्य रुपये होती.

तो शून्याचा आकडा पाहून मी थांबलो. असाच एक शून्य मी स्वतः एकदा लिहिला होता.

ती गोष्ट १९९२ ची. त्या वेळी माझी बदली रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बंदरावरच्या शाखेत झाली होती. नगरचा माणूस, मासळीचा वास पहिले चार महिने डोक्यात जायचा. पण शाखेचा निम्मा धंदा होड्यांवर चालत होता. इंजिनाला कर्ज, जाळ्याला कर्ज, नव्या होडीला कर्ज. मे महिना सरत आला की सगळा किनारा एका कामाला लागे. होड्या ओढून वर घ्यायच्या, नारळीच्या झावळ्यांनी झाकायच्या. त्याला तिकडे 'शाकारणे' म्हणतात. आपण घर शाकारतो तोच शब्द. मला तो फार आवडला. होडी हे त्यांचे दुसरे घर असते, आणि पुष्कळदा पहिले.

शाकारण्याआधी आणि श्रावणात झावळ्या काढल्यावर जी दुरुस्ती चाले ती मी शाखा बंद झाल्यावर रोज संध्याकाळी पाहायला जात असे. ओंडक्यांवरून होडी ओढायला पंचवीस-तीस माणसे लागत आणि त्यांना बोलवावे लागत नसे. तळाला चिकटलेले शिंपले खरवडून काढले की मेस्त्री हातोडीने एकेक फळी वाजवून बघे. चांगली फळी खणखणीत बोलते, पोखरलेली बद्द बोलते. समुद्रातला जो किडा लाकूड पोखरतो तो खरे तर किडा नसून शिंपल्याच्या कुळातला प्राणी असतो. बाहेरून टाचणीएवढे छिद्र दिसते आणि आत बोटाएवढे बोगदे असतात. गोड्या पाण्यात तो जगत नाही, म्हणून जुने लोक होड्या मुद्दाम खाडीत वरपर्यंत नेऊन ठेवत. किडलेली फळी काढायची, तिच्या मापाची नवी घालायची. खिळा गंजला असेल तर त्याच्याभोवतीचे लाकूडही काळे पडते, म्हणून तेही कोरून काढायचे. मग फटींमध्ये तेल-राळेत भिजवलेला कापूस छिन्नीने ठोकून भरायचा. वरच्या अंगाला मुशीच्या काळजाचे तेल. त्या वासाबद्दल मी काही लिहीत नाही. रविवारची सकाळ आहे, घरात नाश्ता चालू असेल.

या साऱ्याचा खर्च कुठून येतो, हे मला बँकेच्या कागदांतून कधीच कळले नसते. ते कळले लिलावाच्या वेळी. विकलेल्या मासळीच्या पैशाचे वाटे पडतात. खलाशांचे वाटे, तांडेलाचा जास्तीचा वाटा, जाळ्याचा वाटा आणि होडीचाही वाटा. माणसासारखा. होडीने काम केले, होडी झिजली, तिचे तिला मिळाले पाहिजे. मी ज्या पद्धतीत शिकलो होतो तिच्यात होडीला दर वर्षी घसारा लागे. पुस्तकात तिची किंमत कमी कमी होत जाई. किनाऱ्यावरच्या पद्धतीत होडीला दर वर्षी वाटा मिळे आणि त्या वाट्यातून तिची झीज भरून निघे. दोन्ही हिशेब बरोबर होते. फक्त ते एकाच होडीचे होते यावर विश्वास बसत नसे.

तर १९९२ मध्ये एक नाखवा दुरुस्तीसाठी अठरा हजारांचे कर्ज मागायला आला. दोन हंगाम मासळी कमी लागली होती, होडीचा वाटा घरात खर्च झाला होता. तळाच्या पाच फळ्या आणि पुढची नाळ बदलायची होती. होडी बावीस वर्षांची. आमच्या परिपत्रकाप्रमाणे लाकडी होडीचे आयुष्य पंधरा वर्षे. म्हणजे तारण म्हणून तिची किंमत शून्य. आणि शून्याच्या तारणावर अठरा हजार देता येत नाहीत. नव्या होडीसाठी याच माणसाला मी लाखभर रुपये देऊ शकत होतो, पण जुनीसाठी अठरा हजार नाही. मी हे त्याला समजावून सांगितले. मला वाटते, चांगल्या शब्दांत सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "सायेब, यातल्या कुठल्या फळीला बावीस वर्षं झाली ती दाखवा. होडीचं वय आम्ही दर पावसाळ्यात काढून टाकतो." त्याच्या बोलीत ते याहून चांगले होते.

माझ्याकडे उत्तर नव्हते. परिपत्रक होते. अर्जावर मी 'तारण अपुरे' असा शेरा मारला. मनात आणले असते तर हमीदार घेऊन, वरिष्ठांना दोन पत्रे लिहून ते कर्ज मला करता आले असते. परंतु तेव्हा थकबाकीचे नवे नियम येऊ घातले होते आणि बढतीची मुलाखत जवळ होती. हे कारण मी आजवर कोणाला सांगितलेले नाही.

त्याने इंजिन विकले आणि दुसऱ्याच्या ट्रॉलरवर खलाशी म्हणून जाऊ लागला. पुढच्या वर्षी एका नारळाच्या वाडीला त्या होडीच्या फळ्यांचे कुंपण झालेले मी पाहिले. निळा रंग अजून होता. त्या होडीवर सहा घरे होती, ती सहा ठिकाणी पांगली. तिची दुरुस्ती करणारा मेस्त्री मात्र गावातच राहिला आणि पुढे खिडक्यांच्या चौकटी करू लागला.

लाकडी होडीच तेवढी चांगली असे माझे म्हणणे नाही. फायबरची हलकी असते, तिला किडा लागत नाही, दर वर्षी मेस्त्रीचे पाय धरावे लागत नाहीत. सागाचा भाव ज्याला ठाऊक आहे तो कोळ्याला 'तू सागाचीच होडी बांध' असे सांगायला धजणार नाही. पण होडी जुनी झाली म्हणजे निकालात निघाली, हा हिशेब कागदावर जेवढा सोपा वाटतो तेवढा नसतो. २०२० च्या ३ जूनला निसर्ग वादळ रायगडवर आले आणि रत्नागिरीच्या उत्तर भागालाही त्याने झोडपले. होड्या नुकत्या ओढून घेतलेल्या होत्या. त्या किनाऱ्यावरच फुटल्या. तेव्हा आपत्तीच्या केंद्रीय निकषांमध्ये अंशतः मोडलेल्या होडीच्या दुरुस्तीला ४,१०० रुपये आणि पूर्ण गेलेल्या होडीच्या बदल्यात ९,६०० रुपये असे दर होते. ते वाचताना मला माझा शून्य आठवला. माझ्याहून उदार होते, एवढे म्हणता येईल. आता एप्रिल २०२५ मध्ये राज्य सरकारने मत्स्यव्यवसायाला शेतीसारखा दर्जा देण्याचा निर्णय घेतला आहे. शेतकऱ्याच्या दराने कर्ज मिळणे ही मोठी गोष्ट आहे. त्यात जुनी होडी तारण म्हणून कशी धरायची, याचाही कोणीतरी विचार करावा.

जुनी नौका दुरुस्त केल्याने एखाद्या बंदराचे काय होऊ शकते, हे मी प्रत्यक्ष पाहिले ते मात्र फार लांब, आणि गंमत अशी की ती नौका आपल्याच मुंबईची होती. माझी मुलगी काही वर्षे इंग्लंडच्या ईशान्य भागात नोकरीला होती. तिच्याकडे गेलो असता ती म्हणाली, "बाबा, तुम्हांला एक बोट दाखवते." हार्टलपूल नावाचे बंदर. तिथल्या जुन्या गोदीत तीन डोलकाठ्यांचे एक जहाज पाण्यावर उभे होते. एचएमएस ट्रिंकोमाली. बांधणी मुंबई, १८१७.

ते बांधणारे मुंबई गोदीचे जमशेदजी बोमनजी वाडिया. नेपोलियनच्या युद्धांत इंग्लंडचे ओकचे लाकूड संपत आले होते, आणि मलबारचा साग ओकपेक्षा जास्त टिकतो हे वाडियांच्या जहाजांनी सिद्ध केले होते. या जहाजाचे नकाशे इंग्लंडहून ज्या जहाजाने पाठवले ते १८१२ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या युद्धनौकेने बुडवले. दुसरे नकाशे येईपर्यंत काम खोळंबले. सरकारी कागद वेळेवर न पोचण्याची परंपरा किती जुनी आहे पाहा. जहाज १२ ऑक्टोबर १८१७ ला पाण्यात उतरले आणि १८१९ मध्ये इंग्लंडला पोचले. तोवर युद्ध संपलेले. मग काय करायचे? वर छप्पर घालून त्यांनी ते जवळजवळ पाव शतक ठेवून दिले. म्हणजे शाकारूनच की! मार्गदर्शक हे सांगत होता तेव्हा मी मराठीत हसलो आणि मुलीने मला कोपराने ढोसले.

पुढे त्याने थोडी चाकरी केली, नंतर मुलांना दर्यावर्दी शिक्षण देण्यासाठी ते नांगरून ठेवले गेले, नाव बदलले गेले, आणि शेवटी १९८७ मध्ये मोडकळीला आलेला त्याचा सांगाडा एका मोठ्या तराफ्यावर चढवून हार्टलपूलला आणला. हार्टलपूलच का? त्या गावात एके काळी जहाजे बांधली जात. १९६० च्या दशकाच्या आरंभी शेवटचा कारखाना बंद झाला. १९७७ मध्ये पोलाद गाळणेही थांबले. गोद्या ओस, माणसे घरी. अशा गावात १९७९ मध्ये 'वॉरियर' ही जुनी लोखंडी युद्धनौका दुरुस्तीला आली आणि आठ वर्षे तिचे काम चालले. सुतार, लोहार, दोरखंडवाले असे जे हात रिकामे बसले होते त्यांना काम मिळाले. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्यांच्या हाताखाली नवी पोरे तयार झाली. 'वॉरियर' निघून गेली तेव्हा ही तयार माणसे पुन्हा रिकामी होणार होती. त्यांच्यासमोर ट्रिंकोमाली आली. १९९० ते २००१ अशी अकरा वर्षे त्यांनी तिच्यावर घालवली. साठ टक्क्यांहून अधिक लाकूड मूळचेच ठेवता आले, म्हणजे मुंबईत बसवलेले. ब्रिटनच्या युद्धनौकांपैकी आज पाण्यावर असलेली ही सर्वांत जुनी. नेल्सनची 'व्हिक्टरी' हिच्याहून जुनी आहे, पण ती कोरड्या गोदीत उभी असते.

खालच्या डेकवर मी उकिडवा होऊन चाललो, कारण तिथे ताठ उभे राहता येत नाही. एका तुळईवर हात ठेवला. साग थंड आणि गुळगुळीत लागला, आमच्या वाड्याच्या खांबासारखा. जहाज पाहायला शाळांच्या सहली येतात, तिकिटे आहेत, चहाचे दुकान आहे, आणि गोदीच्या काठाने घरे-हॉटेले उठली आहेत. बँकवाल्याच्या डोळ्यांनी पाहिले तर कोटींचा खर्च आणि तिकिटाचे उत्पन्न यांचा मेळ घालणे अवघड. पण 'इथे आमचे आजोबा काम करत' असे सांगणारे एक गृहस्थ तिथे फरशी पुसता पुसता माझ्याशी दहा मिनिटे बोलले. ते बोलणे कुठल्या खात्यावर जमा धरायचे?

आपल्याकडेही अलीकडे एक उलटा प्रयोग झाला. अजिंठ्याच्या लेण्यांत पाचव्या शतकातले जहाजाचे एक चित्र आहे. त्यावरून नौदलाने खिळ्यांशिवाय, काथ्याच्या दोरीने फळ्या शिवून एक शिडाचे जहाज बांधवून घेतले. गोव्यात २०२३ मध्ये काम सुरू झाले. मे २०२५ मध्ये कारवारला ते 'कौंडिण्य' या नावाने नौदलात आले आणि त्या वर्षाअखेरीस पोरबंदरहून मस्कतला निघाले. मराठी मुलखातले चित्र, गोव्याचा कारखाना, पण फळ्या शिवणारे हात आणावे लागले केरळातून. बाबू शंकरन हे त्यांचे मुख्य कारागीर. ते आणि त्यांची माणसे नसती तर चित्र भिंतीवरच राहिले असते. लाकूड मिळते, पैसा मिळतो. हात मिळत नाहीत.

पुन्हा शेवगावला येऊ. बाभळीखालच्या होडीकडे मी किती वेळ बघत होतो कोण जाणे. एक ऐंशीच्या घरातले गृहस्थ काठी टेकत आले. सगळे त्यांना नाना म्हणत. नानांनी तरुणपणी गोदावरीवर तर चालवली होती आणि नंतर नाथसागरावर चाळीस वर्षे जाळी टाकली होती. मी विचारले, "नाना, ही दुरुस्त होईल?"

"व्हईल की. पन करनार कोन?"

हा खरा प्रश्न होता. त्या गावात आता बहुतेक मासेमारी थर्माकोलच्या चप्पूवरून नाहीतर ट्रकच्या फुगवलेल्या ट्यूबवर बसून चालते. चप्पू स्वस्त पडतो, पण त्यावर दोन माणसे आणि जाळे एकदम मावत नाहीत. वारा उठला की तो काडीसारखा उडतो, आणि नाथसागरावर वारा उठला तर समोरचा काठ दिसत नाही. चांगल्या होडीलाही वारा सोडत नाही. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी उजनीच्या पाण्यात कळाशी-कुगावच्या दरम्यान प्रवाशांची होडी वादळात उलटली आणि सहा जण गेले. पुरात तर आमच्याकडे गुऱ्हाळाची काहीलसुद्धा होडी म्हणून वापरलेली मी पाहिली आहे. सोसायटीतल्या पोरांना फायबरची होडी हवी होती. तिला दीड लाख लागणार होते. दीड लाख नव्हते.

गावात सुतार होता, पण तो दारे-खिडक्या करणारा. त्याचे आजोबा बैलगाड्या करत. नानांना होडी माहीत होती, पण हातात हत्यार धरायची ताकद राहिली नव्हती. या दोघांना एकत्र बसवून आम्ही काम सुरू केले. मी आणि माझ्या मित्राने निम्मे पैसे दिले, निम्मे सोसायटीने. एकूण ४१ हजार. यात अठरा हजारांचे व्याजासह काय होते याचा हिशेब मी मनातल्या मनात केला होता, तो इथे देत नाही.

पहिल्याच दिवशी भांडण झाले. सुताराने तळाची नवी फळी अशी घट्ट बसवली की मध्ये कागद सरकणार नाही. तो खूश. दारे करणाऱ्याची सारी इज्जत सांध्यात असते. नाना म्हणाले, काढ ती. सुतार म्हणाला, नाना, एवढा सांधा तालुक्यात कुणी बसवून दाखवावा. नानांचे म्हणणे असे की कोरडे लाकूड पाण्यात गेले की फुगते. त्याला फुगायला जागा नसेल तर फळी उचकटते आणि खिळे ओढून काढते. दोन फळ्या आतून भिडलेल्या हव्यात आणि बाहेरून त्यांच्यात चिमटीएवढी फट हवी. त्या फटीत कापूस. मग फळी फुगेल तसा कापूस आवळत जाईल. सुताराला ते पटायला दोन दिवस लागले. दुसऱ्या दिवशी तो आलाच नाही. तिसऱ्या दिवशी आला तो त्याच्या मुलाला घेऊन. पोरगा आयटीआय झालेला, सुट्टीवर होता. नाना काठीने दाखवत आणि पोरगा ठोकी. पहिल्या फटीतला कापूस त्याने इतका जोरात भरला की तो आतून बाहेर आला. चौथ्या फटीपासून नाना बोलायचे थांबले. हीच शाबासकी, असे मला वाटते.

समुद्रातल्या होडीला किडा खातो, आमच्याकडच्या होडीला ऊन खाते. पाणी आटले की होडी काठावर राहते, फळ्या आकसतात, फटी उघडतात. २०१५-१६ मध्ये, २०१८-१९ मध्ये जायकवाडीचे पाणी मृतसाठ्यात गेले तेव्हा जिल्ह्या-जिल्ह्यांत पाण्यावरून भांडणे झाली, कोर्टकचेऱ्या झाल्या. त्या भांडणात होड्या वाळल्या हे कोणाच्या लक्षात येणार? नाना सांगतात की पूर्वी दुष्काळ पडला की ते होडी दगड भरून पाण्यात बुडवून ठेवत. चोरी होऊ नये म्हणून असे मला वाटले होते. तसे नव्हते.

वैशाखाच्या अखेरीस ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून होडी पाण्यावर नेली. निम्मे गाव आले होते. सरपंचांनी नारळ फोडला, पोरांनी होडी ढकलली. दहा मिनिटांत ती गळू लागली आणि अर्ध्या तासात कडेपर्यंत भरली. कोणीतरी मोबाइलवर त्याचे चित्रण करत होते. सुतार खाली मान घालून उभा. माझ्या मित्राने माझ्याकडे पाहिले, मी दुसरीकडे पाहिले. नाना मात्र पोरांना म्हणाले, "दगडं टाका तिच्यात." मग माझ्याकडे वळून, "भाऊसाहेब, लाकडाला तहान लागलीय. पिऊ द्या तिला पोटभर. मंग ती पानी घेनार न्हाय."

चार दिवस होडी पाण्याखाली होती. त्या चार दिवसांत नगरमध्ये मला नीट झोप लागली नाही. एवढ्या किरकोळ रकमेसाठी झोप उडण्याचा माझ्या नोकरीतला हा पहिलाच प्रसंग, आणि तोही निवृत्तीनंतरचा. पाचव्या दिवशी गेलो. दगड काढले, डब्या-बादल्यांनी पाणी उपसले. अठरा माणसांनी धरून होडी सरळ केली. सगळे तळाकडे बघत उभे. पाणी येत नव्हते. डाव्या बाजूला एका फटीतून थेंब थेंब येत होता, तेवढाच. सुताराच्या पोराने त्यावर अंगठा दाबून धरला.

आता तिच्यावर आळीपाळीने सहा घरे जातात. रोहू, कटला, चिलापी, कधी मरळ. होडीचा वाटा काढायचा असे सोसायटीच्या बैठकीत ठरले. तेव्हा एका पोराने 'होडी काय बँकेत खातं उघडनार का?' असे विचारले आणि सगळे हसले. वाटा निघतो आहे, महिन्याला हजार-बाराशे. चार लाइफ जॅकेट घेतली. पहिला महिना त्यांचा उपयोग दुपारच्या झोपेत उशी म्हणून झाला. सेक्रेटरीने दंड लावल्यावर ती अंगावर आली.

वर्षाअखेरीस सेक्रेटरीने नोंदवही माझ्यापुढे ठेवली. 'किंमत' या रकान्यात शून्य होता, तो बदलून काय लिहायचे? तुम्ही बँकेतले, तुम्हीच सांगा. मी खर्च झालेला आकडा लिहायला सांगितला आणि घसारा लावू नको म्हणालो. लेखापरीक्षक आक्षेप घेतील. घेऊ देत, मी येईन उत्तर द्यायला.

सुताराचा मुलगा आता सुप्याच्या एमआयडीसीत लागला आहे. आठवड्यातून एक सुट्टी, तीही फिरती. डाव्या बाजूची ती फट अजून पाझरते. पाणी उतरले की होडी दोन दिवस कोरडी करून तेवढी एक पुन्हा भरायची आहे. नानांचा हात आता फार कापतो. पोराची पुढची सुट्टी रविवारी आहे असे कळले. कापूस आणि राळ मी नगरहून नेणार आहे.